बांबूच्या बेटातली सासू आणि सून

ऑगस्टमधल्या तोक्योचा उकाडा मुंबईच्या ऑक्टोबरला मागे टाकतो. योत्सुया-सान्चोमे स्टेशनातून वर आलो आणि आईंनी पदराने मान पुसली. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७२, माहेर संगमेश्वरजवळचं. भावजी निशी-कासाईत राहतात. तिथे आपली माणसं इतकी आहेत की गल्लीत मराठी कानावर पडतं. त्यांच्याकडे पंधरा दिवस राहायला आलो होतो. बाकीच्यांनी डिस्नेलँड गाठलं. मला मात्र जपानी नाटकातल्या एका भुताच्या, ओइवाच्या, दारात जायचं होतं, आणि आई म्हणाल्या, "मी येते तुझ्याबरोबर."

पुण्यात कॉलेजात असताना एका फिल्म सोसायटीत मी कानेतो शिन्दो यांचा ‘कुरोनेको’ पाहिला. त्या रात्री झोप लागली नाही, आणि ती भीतीने उडाली नव्हती. तेव्हापासून जपानचे जुने भुतांचे सिनेमे मिळतील तसे पाहत आले. त्यांतलं भूत बहुतेक वेळा बाई असतं आणि तिच्यापुढे थरथरणाऱ्या पुरुषाला आपण काय केलंय ते पक्कं ठाऊक असतं. अशा भुताला तिकडे ‘ओन्र्यो’ म्हणतात आणि त्याला जागं ठेवणाऱ्या भावनेला ‘उरामी’. उरामीचं भाषांतर लोक सूड किंवा आकस असं करतात. मला ‘तळतळाट’ हाच शब्द खरा वाटतो.

सामोनचो हा साध्या घरांचा मोहल्ला आहे. एका अरुंद गल्लीत ओइवाचं शिंतो देऊळ, जवळजवळ समोरच तिच्याच नावाने ओळखलं जाणारं बौद्ध मंदिर. देवळाच्या परंपरेप्रमाणे खरी ओइवा सतराव्या शतकातली. तामिया घराण्यातली ही बाई कष्टाळू, नवऱ्याबरोबर गुण्यागोविंदाने नांदणारी होती आणि तिने घराला पुन्हा बरे दिवस आणले. लोक तिच्या देव्हाऱ्याला नमस्कार करायचे तो तिच्यासारखी बरकत आपल्यालाही यावी म्हणून. मग १८२५ साली त्सुरुया नानबोकू या नाटककाराने तिचं नाव उचललं आणि एदोच्या, म्हणजे जुन्या तोक्योच्या, नाकामुरा-झा रंगमंचावर काबुकी या पारंपरिक जपानी नाटकातली सगळ्यात भयंकर बाई उभी केली. नाटकातला नवरा इएमोन हा धनी गमावलेला सामुराई. श्रीमंत शेजाऱ्यांना तो जावई म्हणून हवा असतो. ते बाळंतीण ओइवाला औषध म्हणून विष पाठवतात आणि तिचा चेहरा सडतो.

आईंना मी हे गल्लीतच सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "बाळंतिणीला?"

नानबोकूचं ते नाटक पहिल्यांदा झालं तेव्हा ‘चुशिंगुरा’बरोबर दोन दिवसांत मिळून खेळलं गेलं. ‘चुशिंगुरा’ म्हणजे धन्यासाठी सूड घेणाऱ्या ४७ निष्ठावंतांची कथा, आणि इएमोन त्याच धन्याच्या पदरचा. एकाच रंगमंचावर पुरुषांचा सूड ही निष्ठा ठरते, आणि बाईचा सूड सुरू होण्याआधी तिला मरावं लागतं. ओइवाच्या बापाचा खून इएमोननेच केलेला असतो, आणि ‘तुझ्या बापाचा सूड मी घेईन’ या वचनावर तो तिला घरात ठेवतो. मला भुतापेक्षा या वचनाची जास्त भीती वाटते. या कथेवर निघालेल्या सिनेमांपैकी नोबुओ नाकागावांचा १९५९ चा ‘तोकाइदो योत्सुया काइदान’ मी सर्वांत वर ठेवते. त्यात ओइवा आरशापुढे बसून केस विंचरते. ती कुठे बाहेर जाणार नाहीये. पण आपल्याला फसवणाऱ्यांपुढे जायचं तर नीटनेटकं जावं, या एका मानापायी ती फणी फिरवते, आणि फणीबरोबर केसांचे झुपकेच्या झुपके हातात येतात. भूत अजून झालेलीच नाही ती! जिवंत बाई आपला चेहरा आरशात ओळखायला बघतेय. पुढे दाराच्या फळीला खिळलेली प्रेतं पाण्यातून वर येतात, मच्छरदाणीवर तिची सावली पडते, पण माझं मन त्या फणीपाशीच अडकून राहतं.

नाटक असो की सिनेमा, हे कथानक हाती घेतलं की नट-नट्या आणि दिग्दर्शक आधी इथे येऊन तिची परवानगी मागतात. समोरच्या मंदिरात आम्हाला बायकाच जास्त दिसल्या, बहुतेक तरुण. वाईट नाती तुटावीत आणि चांगली जुळावीत म्हणून इथे मागणं मागतात. एक मुलगी लाकडी पाटीवर बराच वेळ काहीतरी लिहीत उभी होती. आईंनी तिच्याकडे पाहिलं, मग हात जोडले. काय मागितलं ते मी विचारलं नाही.

क्योतोला शिंकान्सेनने सव्वादोन तास. पहिला दिवस उझुमासात घालवला. इथल्या दाइएई स्टुडिओत ‘राशोमोन’ या सिनेमाची प्रचंड वेस उभारली होती आणि दिग्दर्शक मिझोगुचींचा ‘उगेत्सु’ही इथलाच. आता स्टुडिओ नाही, बाजाराच्या रस्त्याला दाइएईचं नाव तेवढं उरलंय. फार वेळ रेंगाळण्यासारखं नाही. तरी चालताना ‘उगेत्सु’ डोक्यात फिरत होता. त्यात भुतं दोन आहेत. माचिको क्यो यांची वाकासा-हिमे ही प्रेमाची चव न घेताच मेलेली राजकन्या, ती कुंभार गेन्जुरोला भुलवते. दुसरं भूत त्याच्या बायकोचं, मियागीचं. नवरा घरी येतो, घर रिकामं, चूल थंड. तो घराला वळसा घालून परत आत येतो तर चूल पेटलेली आणि मियागी पुढ्यात बसलेली. सकाळी कळतं, भुकेल्या सैनिकांनी तिला कधीच भोसकून मारलं. ती नवऱ्याला एका शब्दाने बोलत नाही. मिझोगुचींची बहीण लहानपणी दत्तक दिली गेली आणि पुढे गेइशा झाली. तिच्या पैशांवर त्यांचं तरुणपण उभं राहिलं. त्यांच्या सिनेमातल्या बायका पुरुषांच्या महत्त्वाकांक्षेची किंमत का मोजत राहतात, हे कळायला मला तेवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी हिगाशियामात रोकुदो चिन्नोजी या मंदिरात गेलो. ७ ते १० ऑगस्ट इथे पितरांना बोलावतात. घंटा बंद घुमटीत असते, दिसत नाही. बाहेर आलेला दोर आपल्याकडे ओढायचा, की आत खोलवर नाद होतो आणि तो थेट पाताळात पोचतो म्हणतात. लोक कोयामाकी नावाच्या झाडाची हिरवी डहाळी घेऊन रांगेत उभे होते. पितर त्या डहाळीवर बसून घरी येतात. आईंनी दोर दोनदा ओढला. आपल्याकडे पितृपक्षात सगळं कावळ्यावर सोपवतो. इथे हाताने ओढून आणायचं, हे त्यांना फार आवडलं.

तिथून काही पावलांवर एक लहानसं दुकान आहे. ‘यूरेई कोसोदाते आमे’, म्हणजे भुताने लेकरू वाढवलेली मिठाई. एक बाई रोज रात्री इथे मिठाई घ्यायला यायची. कुणीतरी मागोमाग गेलं तर ती स्मशानात नाहीशी झाली, आणि थडग्यातून बाळाचं रडणं ऐकू आलं. पुरल्यानंतर तिने बाळाला जन्म दिला होता आणि दूध नव्हतं म्हणून मिठाईवर जगवलं. गोष्ट १५९९ ची सांगतात. मिठाई म्हणजे मधाच्या रंगाचे वेडेवाकडे फोडलेले काचेसारखे खडे. तोंडात ठेवला की आधी नुसता थंड गुळगुळीतपणा, मग सातूच्या माल्टचा सौम्य गोडवा.

आईंनी खडा गालात धरला आणि बऱ्याच वेळाने बोलल्या. "आमच्याकडे अशीला अळवंतीण म्हणायचे. बाळंतपणात गेलेली. माझी थोरली काकू गेली तेव्हा स्मशानापासून घरापर्यंत राळ्याचे दाणे टाकत आले होते. सगळे वेचल्याशिवाय तिला घरी येता येत नाही म्हणून." मग म्हणाल्या, "मी सहा वर्षांची होते. तिच्या बाळाला कोण दूध पाजतंय हे कुणी बोलतच नव्हतं." त्यांनी आणखी दोन पिशव्या घेतल्या.

संध्याकाळी तोजी मंदिराच्या पश्चिमेला, कुजो रस्त्यालगत राजोमोनची जागा शोधली. जुन्या राजधानीची दक्षिण वेस इथे होती. आता मुलांची चिमुकली बाग, एक घसरगुंडी, आणि मधोमध कठड्यात एक दगडी खांब. ‘कुरोनेको’तली सून शिगे इथेच रात्री सामुराईंना गाठते आणि ‘बांबूच्या बेटापर्यंत सोबत कराल का?’ असं विचारते. १९६८ च्या या सिनेमाचं पूर्ण नावच ‘बांबूच्या बेटातली काळी मांजर’. सुरुवातीला सामुराईंची टोळी झोपडीत घुसते, खाते, सासू-सुनेवर बलात्कार करते, घर पेटवते. जवळजवळ एकही शब्द नाही. नंतर त्यांचं काळं मांजर जळक्या देहांना चाटतं. सगळ्या सामुराईंचं रक्त पिण्याची शपथ घेऊन दोघी परततात. सासू योने झालेल्या नोबुको ओतोवा चार वर्षं आधी शिन्दोंच्याच ‘ओनिबाबा’त सुनेला धाक घालणारी सासू होत्या. इथे मात्र दोघी एकमेकींच्या आहेत. मग एके रात्री जो सामुराई येतो तो योनेचा मुलगा, शिगेचा नवरा. त्याला जबरदस्तीने लढाईवर नेलं होतं, आता त्याला भुतं मारायचा हुकूम आहे.

"मग सुनेने काय केलं?" आईंनी विचारलं. आम्ही बाकावर बसलो होतो.

"शपथ मोडली. त्याच्याबरोबर सात रात्री मिळाव्यात म्हणून. आठव्या दिवशी नरकात गेली."

"आणि सासू?"

"तिने नाही मोडली. मुलाने तिचा हात तोडला. तो मांजराचा पाय निघाला. ती तो परत न्यायला आली, घेऊन गेली."

आई गप्प झाल्या. दिवे लागले, मुलांना आयांच्या हाका आल्या. "सात रात्री," आई म्हणाल्या, "तिला कुणी काही बोललं नाही ना? सासू?"

मी सिनेमा आठवून पाहिला. "नाही. सासू रडली."

त्यांनी मान हलवली, पर्समधून मिठाईची पिशवी काढली, एक खडा मला दिला, एक स्वतः घेतला आणि एक त्या दगडाच्या पायाशी, कठड्याच्या आत ठेवला. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या आणि आम्ही तोजीच्या बस स्टॉपकडे निघालो.