मुरमाड उतारावर बाग करताना : माझा तीन-चार वर्षांचा अनुभव

आमचं घर सातारला अजिंक्यताऱ्याच्या उताराला आहे, 'चार भिंती' स्मारकाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या खालच्या अंगाला. २०२१ च्या जूनमध्ये राहायला आलो. त्याआधी बारा वर्षं सदरबझारला फ्लॅटमध्ये काढली, गॅलरीत चार कुंड्या आणि एक तुळस, त्यामुळं घरामागं मोकळी जागा मिळाली याचाच मला इतका आनंद झालेला की ती जागा कसली आहे हे बघितलंच नाही. पहिल्यांदा कुदळ मारली तर ठिणगी उडाली. वर चार बोटं माती, खाली सगळा मुरूम, आणि त्यालाही उतार असा की बादली कलंडली तर पाणी थेट खालच्या बंगल्याच्या गेटपर्यंत.

बऱ्याच जणांनी विचारलं की एवढी झाडं या जागेत आली कशी, म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

पहिल्या वर्षी जे सगळे करतात तेच केलं. २०२२ च्या मे महिन्यात दोन ट्रॉली पोयट्याची माती आणली, पसरली, एका गवंड्याकडनं खालच्या बाजूला दोन फुटांची सिमेंटची भिंत घालून घेतली आणि रोपं लावली. जुलैत एका रात्री धो धो पाऊस झाला, सकाळी बघते तर भिंतीला तडा गेलेला, अर्धी माती वाहून खालच्या बंगल्यातल्या काकांच्या पार्किंगमध्ये, त्यांच्या गाडीची चाकं निम्मी चिखलात. काका काही बोलले नाहीत, पण त्यांचं न बोलणंच मला जास्त लागलं. आम्ही दोघांनी आणि पोरांनी दोन दिवस घमेली वाहून त्यांचं पार्किंग साफ केलं. ती माती परत वर टाकून उपयोग नव्हता, परत तेच झालं असतं.

मग एक जुने वडार मामा भेटले, त्यांनी भिंत बघितली आणि पहिलं वाक्य हेच बोलले, "ताई, मागं दगडाच्या चिपा भरल्याच न्हाईत, पाणी जाणार कुठनं?" त्यांनी ती भिंत काढायला लावली आणि नुसत्या दगडाच्या तीन ताली रचून दिल्या, शेतात असतात तशा, सिमेंट अजिबात नाही. दगड आतल्या बाजूला थोडे कलते, मागं वीतभर चिपांचा थर, आणि प्रत्येक तालीच्या एका कडेला सांडवा, एका तालीचा डावीकडं तर खालच्या तालीचा उजवीकडं, म्हणजे पाणी सरळ खाली न धावता आडवं फिरत फिरत उतरतं. आज तीन पावसाळे झाले, एक दगड हलला नाही. उतारावर ज्यांना बाग करायची आहे त्यांनी रोपं, कुंड्या, खतं सगळं नंतर करा, आधी पाण्याचं बघा.

पण ताली झाल्या तरी माती कुठनं आणायची हा प्रश्न होताच. परत विकतचा पोयटा आणायची माझी हिंमत नव्हती आणि खरं सांगायचं तर पैसेही नव्हते.

आणि त्याच वेळी आमच्या कॉलनीत रोज संध्याकाळी काय चालायचं, तर पाला पेटवायचा. आमच्या डोंगरावर गिरिपुष्प म्हणजे उंदीरमारीची झाडं भरपूर आहेत, शिवाय कॉलनीत गुलमोहर, आंबे, करंज, बदाम. डिसेंबरपासनं जो पाला गळायला लागतो तो मार्चपर्यंत थांबत नाही. प्रत्येक गेटासमोर सकाळी झाडून ढीग आणि संध्याकाळी काडी. मीसुद्धा लावायचे. लहानपणापासनं बघत आलेलो, त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही.

२०२३ चा फेब्रुवारी. संध्याकाळी सातच्या सुमारास वरच्या ओळीत कुणाचा तरी ढीग पेटवलेला, वारा सुटला, आणि कुंपणाबाहेरच्या वाळल्या गवतानं पेट घेतला. चढावर आग किती वेगानं जाते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. खालची आच वरच्या गवताला आधीच वाळवून ठेवते, त्यामुळं ती चढत नाही, पळते. १०१ ला फोन केला, वनखात्याच्या १९२६ वर फोन केला, पण गाडी रस्त्यापर्यंतच येणार, डोंगरावर पाइप कुठवर पोचणार. शेवटी कॉलनीतली पोरं, वनखात्याची माणसं, फिरायला आलेले दोन-चार जण अशा सगळ्यांनी निरगुडीचे ओले डहाळे तोडून आग झोडपली. ओला टॉवेल तोंडाला बांधून आमचे हेही गेलेले. रात्री साडेदहाला विझली.

सकाळी मी वर गेले. पायाखाली काहीतरी कुरकुरत होतं म्हणून वाकून बघितलं तर गोगलगायींचे शंख. उन्हाळाभर त्या गवताच्या बुडात तोंड बंद करून बसलेल्या असतात, पावसाची वाट बघत. जाळानं पार पांढरे पडलेले, हातात घेतले की चुरा व्हायचा. दहा पावलांत मी पन्नास-साठ तरी मोजले, नंतर मोजवेना. एक भारद्वाज पक्षी त्या काळ्या राखेतनं एकटाच चालत होता. घरी येऊन मी गेटासमोर झाडून ठेवलेला ढीग बघितला आणि ठरवलं की आता हा पेटवायचा नाही, काहीही होऊ दे.

काही लोक म्हणतात की जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोमानं येतं. मला हे पटत नाही. वर पडलेलं बी जळतं, मुळं उघडी पडतात आणि पहिल्या पावसात राखेबरोबर मातीही ओढ्याला जाते, जशी माझी काकांच्या पार्किंगमध्ये गेली. ज्या डोंगरावर आधीच चार बोटं माती आहे तिथं आणि काय घालवायचं?

पाला साठवायचा कुठं, तर कोंबडीच्या जाळीचे तीन बाय तीन फुटांचे दोन हौद केले, चार गजांना जाळी गुंडाळली की झालं. भरायची पद्धत सोपी आहे पण घाई नको. वीतभर पाला, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, परत पाला, मधनंमधनं स्वयंपाकघरातला ओला कचरा, आणि वर जुनं पोतं. ओल किती पाहिजे, तर मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा पण पाणी गळू नये. आंब्याचा आणि बदामाचा पाला जाड असतो, लवकर कुजत नाही, तो मी दोन दिवस गाडीच्या वाटेवर पसरून ठेवते, चाकांखाली चुरा झाला की मग हौदात. उंदीरमारीचा आणि गुलमोहराचा पाला मात्र भराभर कुजतो. वीस लिटर पाण्यात एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन आणि मूठभर बांधावरची माती असं जीवामृत करून पंधरा दिवसांनी एकदा घालते, त्यानं फरक पडतो. पहिला हौद सात महिन्यांनी खाली केला. वरचा पाला बाजूला सारला आणि खाली काळी, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाची माती. मी अक्षरशः ओंजळीत घेऊन हुंगत बसले होते.

त्यात एक घाबरायचा प्रसंग झाला. खत उपसताना अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या निघाल्या, दहा-वीस नाही, शंभरेक. कोरेगावकडं आमच्या मोठ्या भाऊजींचा ऊस आहे, मुळं खाणाऱ्या हुमणी अळीनं काय होतं ते मला माहितीये, त्यामुळं माझं धाबं दणाणलं. त्यांना फोन लावला तर म्हणाले, "टाकू नकोस, एक अळी फरशीवर ठेव आणि बघ कशी चालतीय." ठेवली. आधी वेटोळं करून गप्प पडली, मग हळूच उताणी झाली आणि सहाच्या सहा पाय आभाळाकडं करून चक्क पाठीवर सरपटत निघाली. भाऊजी म्हणाले, पाठीवर चालतीय म्हणजे हुमणी न्हवं, हुमणी अशी उताणी चालत नाही, ही कुजका पाला खाणारी भुंग्याची अळी, तुझं खत तीच करतीय. सगळ्या परत हौदात सोडल्या. तेव्हापासनं कॉलनीत कुणाला अळी दिसली की आधी फरशीवर ठेवून बघतात.

दुसरा प्रसंग २०२४ च्या मे महिन्यात. दुसऱ्या हौदाचं पोतं उचललं आणि आतनं सहा-सात फुटांचा साप सरकला. मी किंचाळले, शेजारी जमले, कुणी काठी आणली. नशिबानं वरच्या ओळीतल्या एका मुलानं सर्पमित्राला बोलावलं होतं आणि तो वीस मिनिटांत आला. धामण होती. बिनविषारी, उंदीर खाणारी. त्यानं सगळ्यांना लांबनंच दाखवलं, डोळा मोठा, बाहुली गोल, ओठांवर काळ्या उभ्या रेघा. विषारी घोणस असती तर आखूड, जाड, अंगावर साखळीसारखे ठिपके आणि कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. आमच्या पलीकडच्या आजी म्हणाल्या, धामण म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते. त्या पोरानं शांतपणे समजावलं की आजी, सापाला दूध ओढून प्यायला येतच नाही, तसं तोंडच नसतं त्याचं. आजींनी मान डोलावली, पटलं का नाही माहीत नाही, पण काठी घेतलेल्या माणसाला त्यांनीच मागं बोलावलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं सापाला मारता येत नाही हेही तेव्हाच बऱ्याच जणांना कळलं.

पण मी सरसकट साप चांगले असं सांगणार नाही. आमच्या डोंगरावर फुरसंही आहे आणि घोणसही, दोन्ही विषारी. त्यामुळं आमच्याकडं आता नियम आहे, हौदात हात घालायच्या आधी काठीनं हलवायचं, पायात गमबूट, अंधार पडल्यावर टॉर्चशिवाय मागं जायचं नाही, आणि कुणाला चावलंच तर मांत्रिक नाही, चिरा नाही, घट्ट दोरी नाही, सरळ सरकारी दवाखाना.

कॉलनीचं काय झालं ते सांगते. वणव्यानंतर आठवड्यानं मीटिंग घेतली. कुणाचा ढीग होता हे मी विचारू दिलं नाही, कारण त्या संध्याकाळी तो माझाही असू शकला असता. उघड्यावर कचरा जाळायला हरित लवादानं २०१६ लाच बंदी घातली आहे आणि पाच हजारांचा दंड आहे हे वाचून दाखवलं, पण दंडानं फार कुणी बदललं नाही. बदललं ते हळदीकुंकवानं. २०२४ च्या संक्रांतीला मी वाण म्हणून प्रत्येकीला कढीपत्त्याचं रोप आणि किलोभर पाल्याचं खत दिलं. महिन्याभरात सात-आठ जणी विचारायला आल्या की हे खत करतात कसं. त्या उन्हाळ्यात कॉलनीत अकरा हौद झाले.

मग पावसाळ्यात फोन सुरू झाले, "वहिनी, तुमच्या कढीपत्त्यावर पक्ष्यांनी घाण केलीय आणि ती घाण पानं खातीय." मी एकीकडं गेले आणि काडीनं हळूच हात लावला, तर डोक्यामागनं दोन नारिंगी शिंगं बाहेर आली आणि एकदम उग्र आंबूस वास. लिंबाळी फुलपाखराची अळी. लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, तेही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच अंडी घालतं. आता आमच्याकडं निम्म्या घरांत दोन कढीपत्ते आहेत, एक फोडणीला आणि एक अळ्यांना.

मोरांचं मात्र मला अजून जमलेलं नाही. सकाळी सहाला तालीवर उतरतात आणि मिरचीची कोवळी रोपं शेंड्यापासनं खुडतात. जुन्या साड्या आडव्या बांधल्या, चार दिवस बिचकले, पाचव्या दिवशी साडीवरच बसले. आता रोपं वीतभर होईपर्यंत जाळीखाली ठेवते. साळिंदरानं एका रात्रीत सगळी रताळी उकरून नेली, जाताना दोन काटे टाकून गेलं, ते माझ्या लेकीनं पेनाच्या डब्यात ठेवलेत. कंद लावायचेच असतील तर पिंपात लावा, जमिनीत नको.

दर डिसेंबरात वनरक्षकांना विचारून आम्ही कुंपणाबाहेरचं दहा फूट रुंदीचं गवत कापून काढतो. आमच्या बाजूनं जाळायचं नाही, फक्त कापायचं, वणवा अडवायला गवताचा पट्टा जाळून काढायचं, म्हणजे जाळरेषेचं काम त्यांचं ते करतात. कापलेलं गवत झाडांच्या बुडाला आच्छादन म्हणून घालतो, खोडाला टेकवत नाही, वाळवी लागते. लिंबाला आता एप्रिलमध्येसुद्धा चार दिवसांआड पाणी पुरतं, आधी रोज लागायचं.

यंदा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला कापणी आहे. विळे आमच्याकडं नऊ आहेत, खालच्या बंगल्यातले काका आणखी चार आणतो म्हणालेत. चहा-पोहे आजींकडं.