कुठे बसायचास?

आमच्या इमारतीच्या लिफ्टवर परवा दुपारी कागद चिकटवला होता, ‘दुरूस्ती चालू आहे’. तासाभराने खाली उतरलो तर ‘रू’भोवती लाल गोल आणि वर सुबक अक्षरात ‘रु’. खाली सही नव्हती, पण ती लागतेय कुणाला? तिसऱ्या मजल्यावरच्या बाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, लाल पेन अजून पर्समध्येच असतं.

बाई आयुष्यभर प्राथमिक शाळेत होत्या, त्यातही बहुतेक काळ तिसरीला. या नोकरीची एक गंमत मला फार उशिरा लक्षात आली. इतर ठिकाणी माणूस टेबलावरून केबिनमध्ये जातो, हाताखाली चार माणसं येतात, मग तो नुसत्या सह्या करतो. बाई मात्र शेवटच्या दिवशीही पहिल्याच दिवशीचं काम करत होत्या. हातच्याची बेरीज, जोडाक्षरं, कुणाची तरी सुटलेली नाडी. वर्ग दरवर्षी आठ वर्षांचाच. वय वाढायचं ते एकट्या बाईंचं. आणि हातचा दरवर्षी असा शिकवायचा, की तो त्यांना काल रात्रीच सापडलाय!

सवयी काही सुटत नाहीत. चार जणांबरोबर कुठे निघालं की बाई आधी डोकी मोजतात. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतात, दुसऱ्यांदा जरा सावकाश. ‘कुलूप लावलंस? कुलूप... लावलंस?’ मी पन्नाशीला टेकलोय, मला याचा राग येतो, पण दुसऱ्या खेपेला तोंडातून आपोआप सुरात ‘होऽ बाई’ निघतं.

माझ्या शाळेतल्या बाई नवा खडू घेतला की आधी तो मोडायच्या. कट्! मगच लिहायला लागायच्या. आम्हाला वाटायचं, काटकसर असेल. खरं कारण तिसऱ्या मजल्यावर कळलं. अख्खा खडू फळ्यावर किंचाळतो, अर्धा गुमान लिहितो. लिहिताना फळ्याकडे पूर्ण तोंड कधीच नाही. अर्धं अंग वर्गाकडे, मान तिरकी, तरी ओळ सरळ. बाहीवर पांढरी भुकटी. हल्लीचे खडू बहुतेक जिप्समचे असतात, पण पूर्वी ते खरोखरच्या खडूच्या दगडाचे असत, म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचे. हे कळल्यापासून मला त्या भुकटीबद्दल उगाचच आदर वाटतो. डस्टर झटकायला बाहेर पाठवलं जाणं हा तर सन्मानच होता. भिंतीवर आपटायचं, शिंकायचं, आणि हाक येईपर्यंत परत फिरायचं नाही.

मध्यंतरी मी बाईंना मोठ्या उत्साहाने सांगायला गेलो, की ५ ऑक्टोबर हा जागतिक शिक्षक दिन. १९६६ साली त्याच तारखेला शिक्षकांच्या दर्जाविषयीची युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची शिफारस मंजूर झाली, आणि १९९४ पासून दिवस साजरा होऊ लागला. पगार, रजा, वर्गातली मुलांची संख्या, सगळं आहे त्यात. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘आणि घशाचं?’

घशाचं मी पाहिलं नव्हतं. शिक्षकांना आवाजाचे विकार इतरांपेक्षा जास्त होतात, असं अनेक पाहण्यांत दिसून आलंय. बाईंचा आवाज तर निवृत्तीच्या आधीच फाटला. आता फोनवर अनोळखी माणसं त्यांना ‘काका’ म्हणतात. बाई दुरुस्त करत नाहीत. एवढी एकच चूक त्या सोडून देतात.

परवाच माझ्यादेखत एका टक्कल पडलेल्या गृहस्थांनी त्यांना रस्त्यात गाठलं. ‘बाई, ओळखलंत का?’ हा प्रश्न कुणी मला विचारला तर मी घसा खाकरून हवापाण्यावर जातो. बाई अजिबात गडबडल्या नाहीत.

‘कुठे बसायचास?’

‘खिडकीजवळ. दुसऱ्या बाकावर.’

बाईंनी डोळे बारीक केले. ‘शेजारच्याला कोपराने ढोसायचास.’

‘नाही बाई! तोच ढोसायचा!’ गृहस्थ कळवळून म्हणाले. ब्रीफकेस सावरत, भर रस्त्यात.

मीही मनातल्या मनात माझ्या बाकावर जाऊन बसलो. डस्टर आठवला, शिंक आठवली, शेजाऱ्याने पळवलेलं खोडरबर आठवलं. पण वाचता कधी यायला लागलं, ते काही केल्या आठवेना. एके दिवशी अक्षरं म्हणजे नुसत्या रेघोट्या असणार आणि पुढे कधीतरी पाटीवरचा ‘कमळ’ वाचता आला असणार. मधला दिवस गायब. ज्यांनी तो दिवस घडवला, त्या पहिलीच्या बाईंचा चेहरासुद्धा नीट येत नाही डोळ्यांपुढे. त्या वेळी त्या किती वर्षांच्या होत्या? आम्हाला सगळ्याच बाई म्हाताऱ्या वाटायच्या. पंचविशीच्याही असतील.

आज त्या आहेत की नाहीत, हेही मला माहीत नाही. आणि विचारायचं तरी कुणाला?