अंगावर गांधी उठतात म्हणून मी ताटातून काय काढलं आणि काय परत घेतलं

ज्यांच्या अंगावर वरचेवर पित्त उठतं त्यांच्या घरात सगळ्यात आधी गदा येते ती ताटावर. माझ्याही आली. आंबट बंद, वांगं बंद, तूरडाळ बंद, शेंगदाणे, अंडी, मासे बंद, दही तर दिवसासुद्धा नको. सासूबाईंनी सांगितलं, आईने फोनवर सांगितलं, शेजारच्या काकूंनी जिन्यात थांबवून सांगितलं, सगळ्यांनी मायेनेच सांगितलं, आणि मी ते सगळं पाळलं कारण रात्री दोनला मांड्या-पोट-पाठ लालभडक होऊन खाज सुटली की माणूस काहीही सोडायला तयार होतो. शेवटी मी मऊ भात, मुगाचं वरण आणि दुधी-पडवळ एवढ्यावर आले. वजन उतरलं, हिमोग्लोबिन उतरलं, केस गळायला लागले आणि गांधी मात्र रोज संध्याकाळी ठरल्यासारख्या येतच होत्या.

हे सगळं लिहितेय कारण माझ्यासारख्या बऱ्याच बायका असंच एकेक पदार्थ सोडत सोडत अशक्त होत जातात, आणि हा आजार बायकांमध्ये जास्त दिसतो.

तर आधी आजाराबद्दल. गांधी सहा आठवड्यांहून जास्त काळ येत राहिल्या तर डॉक्टर त्याला क्रॉनिक अर्टिकेरिया म्हणतात. आपल्या त्वचेत मास्ट सेल नावाच्या पेशी असतात, त्यांच्यात हिस्टामिन नावाचं रसायन भरलेलं असतं, त्या फुटल्यासारख्या होऊन ते बाहेर आलं की तिथली कातडी फुगते, लाल होते, खाजते. एक गांध साधारण चोवीस तासांच्या आत जिरते आणि दुसरीकडे नवीन उठते. मला ज्या स्किनच्या मॅडमनी नीट समजावलं त्यांचं पहिलंच वाक्य असं होतं की तुम्हाला कुठल्या एका पदार्थाची ॲलर्जी असेल असं मला वाटत नाही, कारण खाण्याची खरी ॲलर्जी खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत उठते आणि दर वेळी उठते. माझं तसं नव्हतंच. बऱ्याच लोकांत शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या या पेशींना डिवचत असते, आणि तीच थायरॉइडवरही उलटलेली असू शकते, म्हणून थायरॉइडची तपासणीही करायला सांगतात. माझ्या थायरॉइडच्या अँटीबॉडीज, म्हणजे प्रतिकारशक्तीने तयार केलेली प्रथिनं, वाढलेल्या निघाल्या. मला तर ते ऐकून हायसं वाटलं, इतके महिने सगळे मी काय खाल्लं तेच विचारत होते.

मग खाण्याचा काहीच संबंध नाही का? आहे, पण मूळ कारण म्हणून नाही, आधीच पेटलेल्या चुलीत लाकूड सारावं तसा. काही पदार्थांत हिस्टामिन आधीच तयार झालेलं असतं, आंबवलेलं, मुरवलेलं, शिळं, टिकवलेलं. काहींना टोमॅटो, पालक, वांगं, व्हिनेगर, खाण्याचे रंग, प्रिझर्व्हेटिव्ह यांनी त्रास वाढतो. आणि काहींना यातल्या कशानेही काही होत नाही! म्हणून दुसऱ्याची यादी आपल्याला लागू पडत नाही, हे मी अगदी ठासून सांगेन.

मॅडमनी मला दोन कामं दिली. एक, रोजचा स्कोर. गांधी अजिबात नाहीत तर शून्य, वीसपेक्षा कमी असतील तर एक, वीस ते पन्नास असतील तर दोन, त्याहून जास्त असतील तर तीन. तसंच खाजेला शून्य ते तीन. दोन्हींची रोज बेरीज करायची, आठवड्याची मिळून जास्तीत जास्त 42 होते. याला यूएएस-सेव्हन म्हणतात, जगभर डॉक्टर हेच वापरतात. दुसरं काम, तीन आठवडे साधं ताजं जेवण आणि मग सोडलेले पदार्थ एकेक करून परत आणायचे, एक पदार्थ दोन-तीन दिवस खाऊन बघायचा, स्कोर लिहायचा, मगच पुढचा. हिस्टामिनला अडवणारी माझी रोजची गोळी (अँटीहिस्टामिन) चालूच ठेवायची आणि तिचा डोस मध्येच बदलायचा नाही, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणारच कसं.

ते तीन आठवडे मी आधीच्यासारखी उपाशी नव्हते हं. तांदळाची भाकरी, घावने, ज्वारीची भाकरी, मूग-मसूर, दुधी, भेंडी, गवार, कोबी, लाल भोपळा, ताजं दूध, तूप, घरात त्याच दिवशी शिजवलेलं चिकन. बंद काय तर लोणचं, पापड, फरसाण, सॉस, चायनीज, बेकरीचं, टोमॅटो, पालक, वांगं, मासे आणि फ्रीजमधलं कालचं. हे शेवटचं सगळ्यात जड गेलं. डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडणाऱ्या बाईला रात्रीची भाजी सकाळी डब्यात न भरणं म्हणजे काय ते दुसऱ्या डोंबिवलीकरणीलाच कळेल. नवऱ्याने सकाळची भाकरी स्वतःकडे घेतली म्हणून ते जमलं, नाहीतर जमलं नसतं.

स्कोर खाली आला, पण शून्य नाही झाला. आता परत आणण्याची पाळी. वांग्याने काही झालं नाही. तूरडाळ, शेंगदाणे, अंडी, कशानेच काही नाही, सगळी उगाच बदनाम झाली होती. सासूबाईंना वही दाखवली तर त्यांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली आणि म्हणाल्या, "मग उद्या भरली वांगी करते गं तुला." टोमॅटोने मात्र स्कोर सरळ चढला, सार केलं त्या आठवड्यात तर खूपच. बाजारच्या लोणच्याने चढला. शेजवान सॉसने चढला.

माशांचं जरा सविस्तर लिहिते कारण माझं माहेर मालवणकडचं आणि मासे कायमचे सोडणं मला शक्य नव्हतं. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) या जातीच्या माशांत हिस्टिडिन नावाचा प्रथिनांतला घटक भरपूर असतो आणि मासा बर्फाबाहेर राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि एकदा झालेलं हिस्टामिन शिजवून किंवा तळून जात नाही. म्हणजे संध्याकाळी गाडीवरचा मऊ पडलेला बांगडा कितीही कडक तळला तरी उपयोग नाही. माझ्या वहीत हे अगदी स्वच्छ दिसतं, माहेरी होडीवरून आलेला बांगडा खाल्ला त्या दिवशी काही नाही, इकडे संध्याकाळच्या बाजारातला खाल्ला की रात्री पाठ भरलेली. आता इथे सकाळी लवकर जाऊन कल्ले लाल असतील, मांस घट्ट असेल तरच घेते, तोही पापलेट नाहीतर ओले बोंबील, आणून लगेच साफ करून त्याच दुपारी संपवायचा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बर्फातलाच माल जास्त येतो, तेव्हा खातच नाही.

वहीतून अजून एक गोष्ट निघाली जी खाण्याची नव्हतीच. दर महिन्याला पाळीच्या दिवसांत स्कोर उसळायचा आणि मी पोटदुखीला आयब्युप्रोफेन घ्यायचे. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळ्यांनी बऱ्याच जणांच्या गांधी वाढतात. मॅडमनी पॅरासिटामॉल दिली, शेक घ्यायला सांगितलं, आणि महिन्याची ती उसळी गेली. इतके दिवस तो दोष पाळीत खाल्लेल्या कशावर तरी जात होता.

एक पॅकेजवाली टेस्ट असते, रक्त घेऊन शेकडो पदार्थांचा रंगीत रिपोर्ट देतात. मीही केली होती, त्यात गहू, दूध, बदाम, हळद सगळं लाल. मॅडमनी बाजूला ठेवली. त्यात मोजतात ती आयजीजी, रक्तातली एक प्रकारची अँटीबॉडी, आणि तिच्यावरून तो पदार्थ तुम्ही खाता एवढंच कळतं, त्यावरून खाणं सोडायचं नाही. ते पैसे फळांवर खर्च करा.

आमसूल कोळून अंगाला लावायचं आईचं औषध मी अजून करते, थंड वाटतं, खाज थोडी निवते. सोलकढीही मला चालते. पण गोळीच्या जागी आमसूल नाही. झोप न आणणाऱ्या अँटीहिस्टामिन गोळ्या डॉक्टर गरजेप्रमाणे चौपटीपर्यंत वाढवू शकतात, त्यानेही भागलं नाही तर ओमालिझुमॅबचं इंजेक्शन आहे. आणि ओठ-जीभ सुजली, श्वास लागला तर वही-बिही नाही, सरळ हॉस्पिटल. एखादी गांध चोवीस तासांपेक्षा जास्त राहून जांभळा डाग ठेवून गेली तर तेही डॉक्टरांना दाखवा, तो वेगळा प्रकार असू शकतो.

सध्या माझा आठवड्याचा स्कोर बहुतेक वेळा एक आकडी असतो, मॅडम गोळी हळूहळू कमी करतायत. हिमोग्लोबिन वर आलंय. आता थंडीत गावठी टोमॅटो येतील तेव्हा अर्धा टोमॅटो घालून परत बघणार आहे, कारण हा आजार बऱ्याच जणांचा काही वर्षांत आपोआप शांत होतो आणि तेव्हा सोडलेलंही सोसायला लागतं असं मॅडम म्हणाल्यात. तुमच्यापैकी कोणी टोमॅटो सोडून परत सुरू केला असेल तर किती दिवसांनी केला ते मला नक्की सांगा.