रेंज नसलेल्या गावातला सर्वे

आज दिवसभर धारणी तालुक्यात घरोघरी पाणी-शौचालयाचा सर्वे. मेळघाटात रेंज शोधायला टेकडीवर चढावं लागतं, पण ओडीके कलेक्ट या सर्वेच्या मोबाइल अ‍ॅपचं त्यावाचून काही अडत नाही. फॉर्म फोनमध्येच भरून ठेवायचे, रात्री नेटवर्क आलं की सर्व्हरवर पाठवायचे.

फुकट आणि ओपन सोर्स. २००८ साली वॉशिंग्टन विद्यापीठात गेटानो बोरिएलो या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना घेऊन हे सुरू केलं. कोबोटूलबॉक्स हे सर्वेचं दुसरं साधनही याच पायावर उभं आहे. मला यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे फॉर्म चक्क एक्सेलमध्ये बनतो. "घरात पाच वर्षांखालचं मूल आहे?" याला 'नाही' म्हटलं की पुढचे लसीकरणाचे प्रश्न दिसतच नाहीत. वयात चुकून २१० टाकलं, तर आम्ही घातलेली अट पुढे जाऊच देत नाही. कागदी फॉर्मवर असले आकडे थेट ऑफिसात पोचायचे, आणि मग निस्तरत बसा!

जीपीएस मात्र अंत बघतं. सागाच्या दाट झाडीत अचूकता ५ मीटरच्या आत यायला वेळ लागतो. तोवर घरच्या आजी विचारतात, "फोटो काढतोस का रे?"

खरी अडचण भाषेची. फॉर्म मराठीत, आज्या कोरकू बोलणाऱ्या. आशाताई सोबत नसत्या तर काही खरं नव्हतं. फॉर्ममध्ये प्रश्नाचा ऑडिओ जोडता येतो. कोरकूत स्वच्छ आवाजात रेकॉर्ड करून देणारं कुणी ओळखीचं असेल तर इनबॉक्स करा. मानधन देऊ.