साखरेला रंग का आला नाही?

गडचिरोली जिल्ह्यातील धानपट्ट्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. दरवर्षी मोहफुले वेचण्याचे दिवस आले की मी नववीच्या मुलांना घरातले पदार्थ चिमूट-चिमूट आणायला सांगतो. मुले वाळलेली मोहफुले, गूळ, तांदळाची पेज, मामा (माजी मालगुजारी) तलावातले वाळवलेले शिंगाडे, एखादे हिरवे केळे आणि अर्थातच साखर घेऊन येतात. पहिल्या वर्षी या साखरेनेच मला अडचणीत आणले.

शर्करा ओळखण्यासाठी आम्ही बेनेडिक्टचे द्रावण वापरतो. स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तयार केले. एक लिटर द्रावणाला 173 ग्रॅम सोडियम सायट्रेट, 100 ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट आणि 17.3 ग्रॅम मोरचूद, म्हणजे तांब्याचे निळे सल्फेट, लागते. मोरचूद विषारी असल्यामुळे तपासलेला पदार्थ कोणीही तोंडात घालायचा नाही, हा नियम मी आधी फळ्यावर लिहितो. परीक्षानळीत दोन मिलिलिटर द्रावण घ्यायचे, त्यात पदार्थाच्या पाण्याचे आठ-दहा थेंब टाकायचे आणि नळी उकळत्या पाण्यात पाच मिनिटे उभी ठेवायची. शर्करेच्या प्रमाणाप्रमाणे निळ्याचा हिरवा, मग पिवळा, नारिंगी आणि शेवटी भट्टीतून निघालेल्या विटेसारखा तांबडा रंग होतो.

मोहफुलांच्या पाण्याला बघता बघता विटकरी रंग आला. गुळालाही आला, मात्र गुळाचा स्वतःचा तपकिरी रंग फसवू नये म्हणून त्याचे पाणी अगदी फिके करावे लागले. साखरेची नळी पाच मिनिटांनंतरही स्वच्छ निळी होती. "सर, साखरेत साखर नाही काय जी?" असे एका मुलीने विचारले. मला वाटले, द्रावण जुने झाले असावे, आणि तसे सांगून मी तो तास संपवला. ते उत्तर चुकीचे होते, आणि चुकीचे उत्तर देण्यापेक्षा थांबणे बरे होते, हे मला त्याच रात्री पुस्तक उघडल्यावर कळले.

हे द्रावण गोडी मोजत नाही. ज्या शर्करेच्या रेणूत तांब्याच्या आयनाला इलेक्ट्रॉन देऊ शकणारे टोक मोकळे असते, तीच यात दिसते, म्हणून तिला क्षपणकारी शर्करा म्हणतात. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तशा आहेत. साखर, म्हणजे सुक्रोज, या दोघांच्या जोडणीतून बनते, आणि नेमकी त्यांची ती टोकेच एकमेकांना जोडली गेल्यामुळे द्यायला काही उरत नाही. गूळ करताना रस तासन्‌तास तापतो, त्यात सुक्रोजचा काही भाग फुटतो, म्हणून गुळाला रंग येतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही साखरेच्या पाण्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब घालून ते दोन-तीन मिनिटे उकळले, थंड केले आणि फेस यायचा थांबेपर्यंत खाण्याचा सोडा टाकला, कारण बेनेडिक्टचे द्रावण अल्कधर्मी असेल तरच काम करते. मग तेच द्रावण घालून नळी तापवली, तेव्हा साखरेलाही विटेचा रंग आला. मी मुलांना आदल्या दिवशीची चूक स्पष्ट सांगितली.

चूक सांगणे आवश्यक होते, याचे कारण वर्गातच पुढे आले. "सर, आजीले शुगर आहे, ते गूळ खाते, साखर नाही खात," असे एक मुलगा म्हणाला. म्हणजे आता आजीने उलट करायचे का, असा त्याचा प्रश्न होता. नळी निळी राहिली म्हणून साखर निर्धोक ठरत नाही, आणि गूळही निर्धोक नाही; आम्ही आम्लाने जे केले ते आतड्यातले विकर (एन्झाइम) करते, आणि ग्लुकोज दोन्हींतून रक्तात जाते. हे मी तीन वेळा सांगितले आणि त्याच्याकडून म्हणवून घेतले. तेव्हापासून आमच्या वहीत 'साखर आहे' किंवा 'नाही' असा रकाना नसतो. 'तापवल्यावर रंग' आणि 'आम्लानंतर रंग' असे दोन रकाने असतात.

पिष्ट, म्हणजे स्टार्च, ओळखायला औषधाच्या दुकानातले टिंक्चर आयोडीन पुरते. शिंगाड्याच्या कापावर थेंब पडताच निळा-काळा डाग उमटतो, हिरव्या केळ्यावरही उमटतो, आणि पिवळ्याधमक पिकलेल्या केळ्यावर तो जेमतेम दिसतो, कारण पिकताना पिष्टाची शर्करा झालेली असते. पेजेने मात्र आम्हाला थांबवले. एका मुलीची पेज चुलीवरून उतरवलेली, वाफाळती होती. तिच्यात आयोडीन टाकले आणि रंगच येईना. भाताच्या पेजेत पिष्ट नाही, हे कसे शक्य आहे? पिष्टातल्या अमायलोजची साखळी पिळासारखी गुंडाळलेली असते, एका वेढ्यात सुमारे सहा ग्लुकोज असतात, आणि त्या पोकळीत आयोडीन बसले की निळा रंग दिसतो. उष्णतेने आयोडीन पोकळीत टिकत नाही. वाटी खिडकीत ठेवली, आणि थंड होता होता ती कडेपासून निळी होत गेली.

मग एकाने मृग बहाराच्या संत्र्याच्या रसात आयोडीन टाकले. थेंबाचा तपकिरी रंगही नाहीसा झाला, आणि त्याने वहीत 'पिष्ट नाही' लिहिले. मी त्याच रसात एक चमचा गार पेज मिसळायला लावली. आयोडीनचे पहिले थेंब तरीही विरून गेले, कारण संत्र्यातले क जीवनसत्त्व आयोडीनचे रंगहीन आयोडाइड करते. ते सगळे खर्ची पडेपर्यंत तो मुलगा थेंब मोजत राहिला, आणि अकराव्या थेंबाला वाटी निळी झाली.