तुम्ही विचारलंत म्हणून : चौदा जानेवारीचा दिनविशेष

शाळेच्या परिपाठासाठी, वाचनालयाच्या फळ्यासाठी किंवा रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकण्यासाठी दिनविशेष तयार करणारी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात : एकाच घटनेची तारीख दोन ठिकाणी दोन का सापडते, आणि त्यातली फळ्यावर कुठली लिहायची? नियम सांगत बसण्यापेक्षा एकच तारीख घेऊन ती तपासून दाखवतो. १४ जानेवारी घेऊ. मराठी माणसाला ती पाठ असते, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

सुरुवात पानिपतापासून करायला हवी. तिसरी लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली. पंचांगाप्रमाणे शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. जुन्या नोंदीत वार मिळाला तर तो कधीही सोडू नका. तारीख लिहिताना एखादा आकडा चुकू शकतो, तिथीचं गणित एका दिवसाने हुकू शकतं, पण वार सहसा खोटा निघत नाही. इथे वार फार मोठं काम करतो. १७६१ मध्ये जुन्या ज्युलियन आणि आजच्या ग्रेगोरियन कालगणनेत ११ दिवसांचं अंतर होतं. ही १४ तारीख ज्युलियन असती तर आजच्या हिशेबाने २५ जानेवारी झाली असती, आणि २५ जानेवारी १७६१ ला रविवार येतो. बुधवार फक्त ग्रेगोरियन १४ तारखेलाच बसतो. तिथीही जुळते : त्या महिन्यात अमावास्या ६ जानेवारीच्या आसपास होती, म्हणजे १४ ला अष्टमी. वार, तिथी आणि इंग्रजी तारीख अशी तिन्ही एकमेकांना धरून असली की नोंद पक्की समजायला हरकत नाही.

वार काढण्यासाठी एक्सेल वापरत असाल तर सांभाळा. त्यात १९०० च्या आधीची तारीख टाकली तर ती तारीख म्हणून धरलीच जात नाही, नुसता मजकूर म्हणून पडून राहते. शिवाय त्यात २९ फेब्रुवारी १९०० असा कधीच न उगवलेला दिवस आहे. त्यापेक्षा ४०० वर्षांची युक्ती सोपी. ग्रेगोरियन दिनदर्शिका दर ४०० वर्षांनी वारांसकट जशीच्या तशी परत येते. म्हणून मोबाइलवर १४ जानेवारी २१६१ काढून बघा, बुधवारच दिसेल.

शकाचं साल इसवी सनात आणताना चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. सगळ्यात जास्त घोळ पौषात होतो, कारण पौष कधी डिसेंबरातच सुरू होतो. सवयीने ७८ मिळवले की पानिपत १७६० मध्ये जाऊन पडतं. उत्तरेकडच्या कागदांत वद्य पक्ष असेल तर आणखी एक अडचण येते. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे आपला फाल्गुन वद्य म्हणजे त्यांचा चैत्र कृष्ण. शुद्ध पक्षात मात्र दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच.

आता पानिपतच्याच ओळीतली सगळ्यात लाडकी चूक. "ऐन संक्रांतीच्या दिवशी पानिपत घडलं" असं दरवर्षी वाचायला मिळतं. "मराठ्यांवर संक्रांत कोसळली" हा वाक्प्रचार तिथे इतका चपखल बसतो की तपासावंसं कुणाला वाटत नाही. पण १७६१ साली १४ जानेवारीला संक्रांत नव्हती. आपली मकरसंक्रांत निरयन वर्षावर, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या वर्षावर चालते, आणि इंग्रजी दिनदर्शिका सायन, म्हणजे ऋतूंना धरून मोजलेल्या वर्षावर. निरयन वर्ष सुमारे २० मिनिटांनी मोठं आहे. २० मिनिटं गुणिले ७२ म्हणजे १४४० मिनिटं, एक पूर्ण दिवस. म्हणजे साधारण ७२ वर्षांत संक्रांत एका दिवसाने पुढे सरकते. लीप वर्षांमुळे ती एखाद्या दिवसाने इकडेतिकडे होते, म्हणूनच हल्ली काही वर्षी १४ आणि काही वर्षी १५ येते. १७६१ पासून आजवरच्या अडीचशेहून जास्त वर्षांत ती साडेतीन-चार दिवस सरकली आहे. मागे मोजत गेलं तर त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. सैन्य उपाशी होतं, जनावरांना चारा नव्हता, आणि संक्रांत होऊन चार दिवस उलटले होते.

हा हिशेब नुसता कागदी वाटत असेल तर मधला एक पुरावा घ्या. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता, हे त्यांच्या सगळ्या चरित्रांत येतं. १८६३ ला संक्रांत १२ तारखेला असेल तर त्याच्या शंभर वर्षं आधी ती १४ ला कशी असेल? एका नोंदीने दुसरी तपासायची ती अशी. माझ्या मते दिनविशेष लिहिणाऱ्याचं खरं कौशल्य इथेच लागतं. लोकांच्या मनात घट्ट बसलेली गोष्ट पुसायची म्हणजे हातात असा दुसरा पुरावा असावाच लागतो.

कालगणनेचा फरक आपल्या इतिहासात सगळ्यात जास्त छळतो तो सतराव्या शतकात. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन आहे. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार. ग्रेगोरियन हिशेबाने तो दिवस १ मार्च १६३०. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही ज्युलियनच. तेव्हा अंतर १० दिवसांचं होतं. फळ्यावर १९ फेब्रुवारी आणि ६ जूनच लिहा, कारण शासनाने आणि समाजाने त्या तारखा स्वीकारल्या आहेत. पण त्या वर्षाचा वार काढायला ग्रेगोरियन दिनदर्शिका उघडून बसलात तर शुक्रवार मिळणार नाही, आणि मग तिथीच चुकीची आहे असा उलटा निष्कर्ष निघतो. असे निष्कर्ष काढणारे लेख खरोखर फिरत असतात.

१४ जानेवारीला असं एक परदेशी नावही आहे : एडमंड हॅली, धूमकेतूवाला. इंग्रजी नोंदीप्रमाणे त्याचा मृत्यू १४ जानेवारी १७४१ चा. आजच्या पुस्तकांत मात्र २५ जानेवारी १७४२ असं छापलेलं असतं. दिवसाचा फरक ११ चा, तो कळला. पण साल का बदललं? कारण १७५२ पर्यंत इंग्लंडात कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी हा जुन्याच वर्षात मोजला जाई. इंग्लंडने १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आणला आणि त्याच सुमारास वर्षाची सुरुवातही १ जानेवारीला नेली. म्हणून १७५२ च्या आधीची कुठलीही इंग्रजी नोंद जानेवारी, फेब्रुवारी किंवा २४ मार्चपर्यंतची असली की साल दोनदा बघायचं. हॅलीचा धूमकेतू त्याने सांगितल्याप्रमाणे १७५८ च्या डिसेंबरात परत दिसला. तेव्हा तो हयात नव्हता, हे दोन्ही कालगणनांत खरं.

अकबराच्या दरबारातला इतिहासकार अबुल फझल याचा जन्म १४ जानेवारी १५५१ चा देतात. मूळ नोंद हिजरी ९५८, ६ मुहर्रम अशी आहे. १५८२ च्या आधी ग्रेगोरियन गणना अस्तित्वातच नव्हती, त्यामुळे ही तारीख ज्युलियन आहे हे उघड. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून रात्रीच्या घटनेत एका दिवसाचा फरक पडतो. आपल्या पंचांगाचा दिवस सूर्योदयाचा. मध्यरात्रीनंतर दोन वाजता झालेली गोष्ट जुन्या बखरीत आदल्या तिथीला असते, इंग्रजी पत्रात दुसऱ्या तारखेला, आणि दोघंही बरोबर असतात.

काही नोंदी सरळ खोडून टाका. "१४ जानेवारी १६९० : न्यूरेम्बर्ग येथे क्लॅरिनेटचा शोध" ही ओळ जगभरच्या याद्यांत आहे. योहान क्रिस्टोफ डेनर या वाद्यं बनवणाऱ्याचं नाव क्लॅरिनेटशी योग्यच जोडलं जातं, पण जुन्या वाद्यात सुधारणा करत करत घडलेल्या वाद्याला जन्मतारीख कशी असेल? ज्या "शोधा"ला दिवस आहे पण त्या दिवशी नेमकं काय झालं हे कुणी सांगत नाही, ती नोंद वापरू नये. पेटंट मंजूर झालं, प्रयोग लोकांसमोर झाला, शोधनिबंध वाचला गेला, असं काहीतरी हाताला लागलं पाहिजे.

क्रियापद नेमकं असणं फार गरजेचं. १४ जानेवारी १७८४ ला "अमेरिका स्वतंत्र झाली" असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. त्या दिवशी अ‍ॅनापोलिस इथे भरलेल्या अमेरिकन काँग्रेसने पॅरिसच्या तहाला मंजुरी दिली. मंजुरीसाठी नऊ राज्यांचे प्रतिनिधी हजर लागत होते, आणि कडाक्याच्या हिवाळ्यामुळे ते वेळेवर पोचत नव्हते. स्वातंत्र्याचा जाहीरनामा ४ जुलै १७७६ चा, तहावर सह्या ३ सप्टेंबर १७८३ च्या, मंजुरी १४ जानेवारी १७८४ ची. यात एक सापळा आहे : अमेरिकन पद्धतीत महिना आधी लिहितात. ३ सप्टेंबर तिकडे ९/३ असा असतो, आणि आपल्याकडे तो उतरवताना ९ मार्च होतो. १४ तारखेला हा धोका नाही, कारण चौदावा महिना नसतो. १२ पर्यंतच्या सगळ्या तारखांना आहे.

हीच काळजी घरच्या नोंदीला घ्या. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. जुनं 'मराठवाडा' ठेवून नाव वाढवलं, म्हणून त्याला "नामविस्तार" म्हणतात आणि तोच शब्द लिहायचा. मागणी नामांतराची होती. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला तो २७ जुलै १९७८ ला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळली, माणसं मारली गेली, आणि ठरावापासून नाव लागेपर्यंत जवळजवळ सोळा वर्षं गेली. फळ्यावर जागा एका ओळीची असते हे खरं. तरी "विद्यापीठाचे नाव बदलले" एवढंच लिहून त्या सोळा वर्षांना पुसू नये. १९७८ चा उल्लेख त्याच ओळीत आणता येतो.

अवकाशातल्या घटनांचं वेगळं. १४ जानेवारी २००५ ला हायगेन्स यान शनीच्या टायटन या उपग्रहावर उतरलं. तिथून पृथ्वीपर्यंत संदेश यायला ६७ मिनिटं लागत होती. म्हणजे ते उतरल्याचं इथे कळलं तेव्हा त्याला उतरून तासाहून अधिक वेळ झाला होता. तारीख घटनेची धरायची, बातमीची नाही. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना वाटेत, कित्येक दिवसांनी कळली. म्हणून कुणी पानिपतची तारीख बदलत नाही. पृथ्वीवरच्या घटनेला जिथे ती घडली तिथली तारीख आणि अवकाशातल्या घटनेला जागतिक प्रमाणवेळ, एवढं ठरवून टाकलं की चंद्रावरचं पहिलं पाऊल २० जुलै की २१ जुलै हा वाद मिटतो. अमेरिकेच्या घड्याळात ती २० तारखेची रात्र होती, प्रमाणवेळेत २१.

एका तारखेवर दोन घटना जुळल्या की "अजब योगायोग" लिहायचा मोह होतो. डेन्मार्कची राणी मार्ग्रेथ दुसरी १४ जानेवारी १९७२ ला गादीवर आली आणि १४ जानेवारी २०२४ ला तिने पदत्याग केला. हा योगायोग नाही. तिने ३१ डिसेंबरच्या भाषणात ती तारीख स्वतः जाहीर केली होती, बरोबर ५२ वर्षांची.

जन्मतारखांत आपल्याकडे १ जूनवर संशय घ्यायची सवय ठेवा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने तीच लिहून टाकलेली असते. १४ जानेवारीची मराठी नावं मात्र चांगली भरभक्कम आहेत : र. धों. कर्वे (१८८२), चिंतामणराव देशमुख (१८९६), दुर्गा खोटे (१९०५). कर्वे आणि देशमुख यांना एका ओळीत गुंडाळू नका. देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे. कर्व्यांच्या नावापुढे नुसतं "समाजसुधारक" लिहिलं तर मुलांना काहीच कळत नाही. संततिनियमनाचं काम आणि 'समाजस्वास्थ्य' मासिक एवढं तरी यावं.

शेवटी लिहिण्याबद्दल. देवनागरीत १ आणि ९ यांची गफलत सगळ्यात जास्त होते, विशेषतः जुन्या छपाईत आणि खडूने लिहिताना. साल लिहून झालं की वयाची वजाबाकी करून बघा, चूक लगेच दिसते. पानिपतची ओळ पुढच्या वर्षी अशी लिहा : "१४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ : पानिपतची तिसरी लढाई, सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव यांचा मृत्यू." संक्रांतीचा तिळगूळ त्याच फळ्यावर, वेगळ्या रंगाच्या खडूने, वेगळ्या ओळीत.