दसरा करून लिस्बनला गेले, त्याची गोष्ट

यंदा चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गोव्यात घरी आले, तर गणपतीवर बांधलेली फळाफुलांची माटोळी उतरवायच्या आधीच धाकटा चुलतभाऊ ओसरीवर कागद घेऊन हजर. त्याला पोर्तुगालात नोकरी लागली आहे, ४ ऑक्टोबरचं तिकीट काढलंय. तिथल्या बँकेनं खात्याचा अर्ज आधीच पाठवला होता आणि सगळा अर्ज भरून हा गडी एका रकान्यावर येऊन थांबला होता: करनिवासाचा देश, म्हणजे करासाठी तुम्ही कुठले रहिवासी ते, आणि त्या देशातला कर क्रमांक.

"ताई, इथं पोर्तुगालच लिहायचं ना?"

तीन वर्षांपूर्वी लिस्बनच्या एका बँकेत मी अगदी तेच लिहिलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवला आणि अर्ज परत दिला.

पोर्तुगालात नोकरीला जाणाऱ्याच्या हाती बहुधा निघायच्या आधीच एक नंबर पडतो. निफ. नऊ आकडी कर क्रमांक, आपल्या पॅनचा तिकडचा भाऊ. पण पॅन आपण वर्षातून दोन-चारदा काढतो, निफ तिथं दिवसातून दोन-चारदा लागतो. कॅफेत कॉफी घेतली तरी पैसे देताना पोऱ्या विचारतो, "कोन्त्रिबुइंत?" म्हणजे बिलावर नंबर घालायचा का. घातलात तर हॉटेल, केशकर्तनालय, गाडीदुरुस्ती अशा बिलांवरच्या व्हॅटचा काही वाटा वर्षअखेरीच्या करातून वजा होतो. पक्कं बिल मागायची सवय लोकांना लावायची ही युक्ती मला फार आवडली. आमच्या फोंड्याच्या बाजारात कुणी करून बघावी.

माझा निफ मी बांदोड्याला घरी बसून मिळवला. युरोपाबाहेर राहणाऱ्याला तेव्हा तिथला एक प्रतिनिधी लागायचा, करखात्याची पत्रं स्वीकारणारा. कंपनीच्या वकिलानं ते काम केलं. माझा पत्ता मात्र खरा होता तोच दिला: घर नंबर, वाडा, बांदोडा, फोंडा, ४०३४०१. वकिलानं ईमेलवर विचारलं, रस्त्याचं नाव राहिलं का? नाही हो, आमच्या वाड्यावरच्या रस्त्याला नावच नाही. देवळामागचा रस्ता एवढंच. शेवटी रस्त्याच्या रकान्यात वाड्याचं नाव गेलं आणि लिस्बनच्या सरकारी दप्तरात आमचा वाडा रस्ता झाला.

७ ऑक्टोबर २०२२ ला निघाले. जायला सप्टेंबरातही हरकत नव्हती. पण सासूबाई म्हणाल्या, एवढा दसरा करून जा. दसरा ५ तारखेला होता. थांबले. या दोन ओळी लक्षात ठेवा, पुढं लागतील.

लिस्बनला उतरल्यावर पहिले पंधरा दिवस मी एकाच चक्रात फिरत होते. पगारासाठी खातं हवं. खात्यासाठी पत्त्याचा पुरावा हवा. पत्त्यासाठी भाडेकरार हवा. आणि घरमालक म्हणतो, आधी तीन महिन्यांचं भाडं तिथल्याच खात्यातून टाका. खोलीवाल्यांना तर करार नकोच असतो, कारण करार करखात्याकडे नोंदवावा लागतो आणि भाड्यावर कर बसतो. (ही अडचण गोव्याच्या माणसाला समजावून सांगायला नको.) मला सोडवलं ते 'झुंता द फ्रेगेझिया'नं. म्हणजे आपली ग्रामपंचायतच समजा. त्याच भागातले दोन साक्षीदार घेऊन गेलं की रहिवासी दाखला मिळतो. माझे साक्षीदार म्हणजे मार्तिम मोनिझ चौकाच्या बाजूला कढीपत्ता आणि तूरडाळ विकणारा एक दुकानदार आणि त्याची बायको. ओळख जेमतेम आठवड्याची.

दाखला, पासपोर्ट, निफचा कागद, नोकरीचं पत्र असं सगळं घेऊन बँकेत गेले. तिथं बँकेला तुमचा व्यवसाय आणि मालक कोण याचाही पुरावा लागतो, तो न्यायला विसरू नका. करनिवासाच्या रकान्यात 'पोर्तुगाल' लिहिलं, पुढं निफ. बाईंनी निफ टाकला आणि स्क्रीन वळवला. त्यावर माझ्या नावापुढं आमचा वाडा झळकत होता, आणि खाली देश: इंडिया.

"मेनिना," बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचा निफच सांगतोय की तुम्ही इथं राहत नाही."

गाडी तिथंच अडते. निफ हा नुसता नंबर आहे. तो भारतात बसून मिळतो, लिस्बनला कधीच न गेलेल्यालाही मिळतो. त्यानं कुणी तिथला करनिवासी होत नाही. करखात्याच्या दप्तरात पत्ता बदलेपर्यंत त्यांच्या लेखी मी बांदोड्याचीच. तेव्हा रकान्यात भारत आणि पॅन लिहायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तसं लिहून नेलं. आता पॅनचा पुरावा मागितला. पॅन कार्ड दिलं, तर त्यावर पत्ता नाही. मग सुचलं, आदल्या वर्षीच्या आयकर विवरणाची पोचपावती. त्यावर नाव, पॅन आणि पत्ता तिन्ही एका पानावर, आणि इंग्रजीत असल्यानं भाषांतराचा खर्च नाही. हे पान छापून सोबत न्या. निघायच्या यादीत लोणच्याच्या बरणीच्या वर लिहा.

बँकेला हे कशाला हवं, असं भावानं विचारलं. प्रश्न रास्त आहे. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेनं २०१४ मध्ये एक पद्धत आखली, सीआरएस नावाची. दुसऱ्या देशाचा करनिवासी असलेला खातेदार सापडला की बँक दरवर्षी त्याचं नाव, पत्ता, कर क्रमांक, शिल्लक आणि व्याज आपल्या करखात्याला कळवते आणि ते खातं ही माहिती त्या देशाकडे पाठवतं. भारत आणि पोर्तुगाल दोघंही २०१७ पासून यात आहेत. म्हणजे तुम्ही त्या रकान्यात जो देश लिहाल, तुमच्या खात्याची खबर त्या देशात जाते. चुकीचा लिहिलात तर भलत्याच दारात जाते, आणि खऱ्या दाराला कधीतरी कळतंच.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात शेजारचे एक काका आरतीला आले. त्यांच्या घरी तिघांचे पोर्तुगीज पासपोर्ट आहेत, १९६१ पूर्वी जन्मलेल्या आजोबांच्या दाखल्यावर काढलेले. ते म्हणाले, "आमच्या पोरांना हे काही नको. ते पोर्तुगीजच."

गोव्यात हा गैरसमज घराघरात आहे, म्हणून जरा स्पष्टच लिहिते. पासपोर्ट आणि करनिवास यांचा जवळजवळ संबंध नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन स्विंडनला गोदामात काम करणारा म्हापशाचा मुलगा ब्रिटनचा करनिवासी. तोच पासपोर्ट कपाटात ठेवून म्हापशातच दुकान चालवणारा त्याचा भाऊ भारताचा. नागरिकाला जगाच्या पाठीवर कुठंही गाठणारा मोठा देश म्हणजे अमेरिका, म्हणून तर बँकेच्या अर्जात पहिला प्रश्न असतो: तुम्ही अमेरिकी आहात का? बाकी जवळजवळ सगळीकडे हिशेब मुक्कामाचा.

आणि मुक्काम म्हणजे दिवस. पोर्तुगालात कुठल्याही बारा महिन्यांत १८३ हून जास्त दिवस राहिलात, किंवा कायमचं राहतं वाटेल असं घर केलंत, की तुम्ही त्यांचे, तेही आल्या दिवसापासून. भारतात नोकरीसाठी परदेशी निघालेल्या नागरिकानं त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस देशात काढले असतील, तर ते अख्खं वर्ष तो भारताचा करनिवासी. आता बोटं मोजा. १ एप्रिल ते २८ सप्टेंबर होतात १८१. मी ७ ऑक्टोबरला निघाले, म्हणजे १९०.

दसऱ्यासाठी थांबले आणि सहा महिने दोन्ही देशांची झाले.

म्हणजे नेमकं काय झालं? ऑक्टोबर ते मार्च लिस्बनमध्ये मिळालेला पगार मला भारतातल्या विवरणातही दाखवावा लागला. दोनदा कर गेला नाही. भारत आणि पोर्तुगालमध्ये १९९८ साली झालेला करार आहे आणि तिथं भरलेल्या कराची वजावट इथं मिळते. पण त्यासाठी वेगळा फॉर्म, तिथल्या पगाराच्या पावत्या, युरोचा त्या त्या महिन्याचा दर. शिवाय विवरणात परदेशी मालमत्तेचा तक्ता असतो. त्यात नोव्हेंबरात उघडलेलं ते खातं लिहावं लागलं. डिसेंबरअखेरची शिल्लक तीनशे चाळीस युरो. मला हसू आलं, आमच्या फोंड्याच्या सीएंना आलं नाही. "बाय, हा तक्ता काळ्या पैशाच्या कायद्याशी बांधलेला आहे. छोट्या शिलकीच्या दंडाला सूट असते, पण खातं लपवलं असं कागदावर दिसू नये." २०१५ च्या त्या कायद्यात न दाखवल्याबद्दल दहा लाखांचा दंड आहे. लिहिलं मुकाट्यानं.

निवास परवाना हातात आला तशी मी करखात्याच्या कचेरीत, 'फिनांसस'मध्ये, पत्ता बदलायला गेले. सकाळी आठला रांग, अकराला नंबर, काम सात मिनिटांचं. त्या दिवशी वकिलाचं प्रतिनिधीपण संपलं. मग बँकेत जाऊन नवं घोषणापत्र दिलं: करनिवास पोर्तुगाल. त्याच बाई होत्या. या वेळी स्क्रीन वळवला नाही.

मला वाटलं, झालं. पुढच्या चवथीला गावी आले आणि इथल्या बँकेत गेले, तर तोच फॉर्म उलट्या बाजूनं समोर आला. नोकरीसाठी देश सोडला की साधं बचत खातं चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं, करावं लागतं. यात दिवसांची मोजणी नाही, हा परकीय चलनाचा कायदा आहे आणि तो तुम्ही कशासाठी गेलात ते बघतो. म्हणजे त्या सहा महिन्यांत मी एका कायद्यानं रहिवासी आणि दुसऱ्यानं अनिवासी होते. आमच्या शाखेतल्या मॅनेजरांनाही हे दोनदा सांगावं लागलं. एनआरओच्या अर्जात पुन्हा तोच रकाना, या वेळी उत्तर पोर्तुगाल आणि निफ.

एनआरओच्या व्याजातून बँक तीस टक्के आणि वर उपकर कापते. करारानं दहाच टक्के कापायचे असतात, पण ते आपोआप होत नाही. पोर्तुगालच्या करखात्याच्या पोर्टलवरून करनिवासाचा दाखला काढायचा आणि ठरलेला फॉर्म (तेव्हाचा दहा-एफ) जोडून दरवर्षी बँकेला द्यायचा. बरीच मंडळी एनआरई खात्यात, म्हणजे परदेशातली कमाई इथं आणून ठेवायच्या खात्यात, पैसे ठेवतात आणि 'करमुक्त' म्हणून निश्चिंत असतात. करमुक्त भारतात. तिथल्या विवरणात ते व्याज दाखवावं लागतं आणि सर्वसाधारण दर अठ्ठावीस टक्के आहे. मी हे पहिल्या वर्षी विसरले होते, दुरुस्तीचं विवरण भरलं.

गोवेकरांसाठी आणखी एक गंमत आहे, ती इतर कुठल्याच अनिवासी मार्गदर्शकात सापडणार नाही. आपल्याकडे नवरा-बायकोची मिळकत निम्मी-निम्मी. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ५-अ नुसार पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत अर्धं वाटून दाखवायचं. म्हणजे माझ्या ठेवीच्या व्याजातला अर्धा वाटा नवऱ्याच्या विवरणात जातो. तो अजून बांदोड्याला होता तेव्हा त्याचा रहिवासी वाटा आणि माझा अनिवासी वाटा असा हिशेब सीएंनी मांडला होता. मी लिस्बनच्या एका हिशेबनिसाला हे कौतुकानं सांगितलं, "तुमचाच कायदा आहे, १८६७ च्या नागरी संहितेतला." तो गोंधळला. त्यांच्याकडे १९६७ सालीच नवी संहिता आली. आम्ही मात्र त्यांनी टाकून दिलेला कायदा जपला, आणि दिल्लीच्या विवरणात त्यासाठी स्वतंत्र तक्ता छापून घेतला.

तर भावाच्या अर्जात आम्ही 'भारत' लिहिलं, पॅन टाकला, पोचपावतीचं पान जोडलं. मग मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. ४ ऑक्टोबर म्हणजे १८७ दिवस. दसरा यंदा २ तारखेला. मी म्हटलं, २८ सप्टेंबरला किंवा आधी निघालास तर यंदाच्या वर्षी इथं अनिवासी ठरशील. तिकीट बदलायचा दंड किती आहे बघ, सीएंची फी त्याहून जास्त होईल.

तो मोबाइल काढून बघू लागला. एवढा वेळ काकी नेवऱ्यांचा डबा भरत गप्प होती. मान वर न करता म्हणाली, "दोन फॉर्म भरतलो. पूण दसरो करूनच वतलो."

त्यानं मोबाइल खिशात घातला.